‘गाडी विकणे आहे’: मागच्या काचेवरची चिठ्ठी आणि कलम १०१

मुलुंडला आमच्या सोसायटीत पार्किंग कमी, त्यामुळे बाबांची वॅगन आर कायम बाहेर गल्लीत उभी. गेल्या वर्षी ती विकायची ठरली. एजंटला कमिशन कशाला द्यायचं, म्हणून बाबांनी मागच्या काचेला आतून कागद चिकटवला: ‘विकणे आहे’, खाली मोबाईल नंबर. चार दिवसांनी एक हवालदार आले. म्हणाले, “काका, हे काढा. रस्त्यावर गाडी विकायला ठेवता येत नाही.” बाबांनी विचारलं, “कुठल्या कायद्यात लिहिलंय?” उत्तर आलं, “लिहिलंय.” बाबांनी कागद काढला आणि प्रश्न माझ्याकडे सरकवला. “तू रस्त्यांच्या इतिहासावर पीएचडी करतोस ना? शोध.”

शोधताना मी जिथे चुकलो, तिथून सुरुवात करतो. संशोधनाच्या तयारीत असणाऱ्यांना बहुधा त्याचाच जास्त उपयोग होईल.

चुकीच्या कपाटात शोध

गाडीचा प्रश्न, म्हणून मी आधी मोटार वाहन अधिनियम, १९८८ उघडला. त्यात धोकादायक जागी उभ्या केलेल्या गाडीबद्दल कलम १२२ आहे, सोडून दिलेल्या गाडीबद्दल १२७ आहे, मालकी हस्तांतराबद्दल ५० आहे. रस्त्यावर विक्रीला ठेवण्याबद्दल काही सापडलं नाही.

मग वाटलं, चिठ्ठी म्हणजे जाहिरात. म्हणून महापालिकेचा १८८८ चा अधिनियम काढला. कलम ३२८अ नुसार जमीन, इमारत, भिंत, होर्डिंग किंवा बांधकाम यांवर जाहिरात लावायला आयुक्तांची लेखी परवानगी लागते. ‘बांधकाम’ या शब्दात जाहिरातीसाठी वापरलेला चाकांवरचा फिरता फलकही धरला आहे. आता वॅगन आर म्हणजे चाकांवरचा फलक का? मला तसं वाटत नाही. फलक दुसऱ्या कशाची तरी जाहिरात करण्यासाठी असतो. इथे गाडी हाच माल आहे. वकील मंडळी यावर वाद घालू शकतील, पण हवालदारांच्या मनात हे कलम असेल असं वाटेना.

उत्तर तिसऱ्या कपाटात होतं: मुंबई पोलीस अधिनियम, १९५१, म्हणजे आताचा महाराष्ट्र पोलीस अधिनियम. त्याच्या कलम १०१ चा आशय असा: सक्षम प्राधिकाऱ्याने परवानगी दिलेली वेळ आणि जागा सोडून कुणीही रस्त्यावर किंवा सार्वजनिक जागी जनावर किंवा वाहन विक्रीसाठी अथवा भाड्यासाठी मांडू नये, घोड्याला खरारा करू नये, घोडा शिकवू नये, वाहन बनवू नये. मोडल्यास दंड.

हवालदारांचं बरोबर होतं. लिहिलंय.

घोड्यांच्या रांगेत मोटार

या यादीत मोटारगाडी आली कशी? त्यासाठी व्याख्या बघायच्या. या अधिनियमातल्या ‘वाहन’ शब्दात हातगाडी, सायकल आणि मोटारकार सगळं येतं. ‘रस्ता’ शब्दात लोकांना जाता येईल अशी गल्ली किंवा बोळही येतो, मग तिथून आरपार वाट असो वा नसो. म्हणजे ‘आमची गल्ली पुढे बंद आहे हो’ हा बाबांचा युक्तिवादही गेला.

पण यादीचा वास मात्र तबेल्याचा आहे. लंडनच्या १८३९ च्या मेट्रोपॉलिटन पोलीस अधिनियमाचं कलम ५४ वाचलं की ओळख पटते. रस्त्यावर घोडा विक्रीला मांडणं, त्याला साफ करणं, शिकवणं, गाडा बनवणं किंवा दुरुस्त करणं, हे सगळं तिथे जवळजवळ याच क्रमाने आहे.

इथे थांबा. साम्य दिसलं म्हणून ‘हे तिथूनच आलं’ असं लिहू नका. मधली पायरी दाखवावी लागते. १९५१ च्या अधिनियमाने दोन जुने पोलीस कायदे एकत्र केले: जिल्ह्यांसाठीचा १८९० चा आणि मुंबई शहरासाठीचा १९०२ चा. गंमत म्हणजे दोघांचाही अनुक्रमांक ‘मुंबई अधिनियम ४’ असाच आहे. वर्ष न बघता टिपण केलंत तर शहर आणि जिल्हा यांची सरमिसळ झालीच म्हणून समजा.

उपनगरांच्या अभ्यासकाला ही चूक महागात पडते. कारण १९०२ साली अंधेरी, घाटकोपर, बोरिवली, मुलुंड ही मुंबई शहरात नव्हती, ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यात होती. अंधेरी आणि घाटकोपर महापालिकेच्या हद्दीत आले १९५० साली, बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली. तेव्हा आमच्या गल्लीचा कायदेशीर पूर्वज शोधायचा तर १८९० चा कायदा हातात हवा.

गुन्हा कागदाचा की जागेचा?

कलम १०१ मधल्या सगळ्या कृत्यांत एक धागा आहे. रस्ता जाण्यायेण्यासाठी आहे. त्याचा बाजार, तबेला किंवा कारखाना करायचा नाही. म्हणून माझं वाचन असं: चिठ्ठी हा गुन्हा नाही, फार तर पुरावा आहे. गुन्हा आहे विक्रीसाठी रस्त्याची जागा वापरणं. रोज ऑफिसला नेत असलेल्या गाडीवर चिठ्ठी असेल तर ती ‘मांडली’ म्हणायची का, हा प्रश्न खुला राहतो.

ब्रिटनने २००५ च्या स्वच्छ परिसर कायद्यात ही रेषा स्पष्ट आखली. ५०० मीटरच्या आत दोन किंवा अधिक गाड्या विक्रीला ठेवल्या तर गुन्हा. पण धंदा म्हणून विकत नाही हे सिद्ध केलं तर सुटका. आपल्या कलमात व्यापारी आणि घरगुती विक्रेता असा फरकच नाही.

आता खरा प्रश्न. रस्त्यावर विक्री म्हटलं की कायद्याला आठवतो कोण? फेरीवाला. महापालिका अधिनियमाच्या कलम ३१४ खाली त्याचा माल नोटीस न देता उचलता येतो. बॉम्बे हॉकर्स युनियन आणि ओल्गा टेलिस हे दोन्ही निकाल जुलै १९८५ चे. फेरीवाल्याचा इतिहास निकालांत आहे, कारण त्याची रोजीरोटी जात होती आणि तो कोर्टात गेला. माझ्या बाबांनी काय केलं? कागद काढला. वाद संपला, कागदपत्र शून्य. तीच गल्ली, तोच रस्ता, आणि पाटीवाल्या भाजीवालीपेक्षा कितीतरी जास्त जागा अडवणारी आमची गाडी.

म्हणून कलम वाचून झालं की लगेच दुसरा प्रश्न विचारा: हे कुणावर चालवलं गेलं, आणि कुणाला नुसतं ‘काका, काढा’ म्हणून सोडलं? अर्काइव्हमधली शांतता म्हणजे तिथे काही घडलंच नाही, असं नसतं.

गाडीचं पुढे काय झालं? शेजारच्यांनी दोन आठवडे त्यांची जागा दिली, गाडी फाटकाच्या आत आली आणि चिठ्ठी परत लागली. कांदिवलीचं गिऱ्हाईक मिळालं. बाबांनी हस्तांतराचे फॉर्म २९ आणि ३० स्वतः आरटीओत नेऊन दिले. नवीन कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलंय की गाडी विकली तरी नोंद ज्याच्या नावावर, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. हे मात्र बाबांनी मला न विचारता शोधलं होतं.