पश्चिम खानदेशातील सीमावर्ती गावे आणि विधिमंडळाचे मत

मुंबई पुनर्रचना अधिनियम, १९६० याच्या पहिल्या अनुसूचीत गावांच्या नावांच्या याद्या आहेत. उंबरगाव तालुक्याखेरीज त्यांत नवापूर, नंदुरबार, अक्कलकुवा व तळोदा या पश्चिम खानदेशातील तालुक्यांची गावे येतात. १ मे १९६० रोजी ती गुजरात राज्यात गेली. उरलेला प्रदेश पुढे धुळे जिल्ह्यात राहिला व १ जुलै १९९८ पासून नंदुरबार जिल्हा झाला.

या बदलास लोकप्रतिनिधींची संमती होती काय, असा प्रश्न सहज उद्भवतो. संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदानुसार असे विधेयक राष्ट्रपती संबंधित विधिमंडळाकडे मतप्रदर्शनासाठी धाडतात. ते मत संसदेवर बंधनकारक नसते. या व्यवस्थेची खरी कसोटी १९५६ मध्येच लागली होती. मुंबई शहराच्या प्रश्नावर तिढा पडला असता विधिमंडळापुढे तीन स्वतंत्र घटकांची योजना आली. संसदेने मात्र ऑगस्टमध्ये विशाल द्वैभाषिक निर्माण केले. बाबुलाल पराते यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली निर्णय दिला, की मूळ प्रस्ताव एकदा विधिमंडळाकडे गेल्यावर त्यातील दुरुस्तीसाठी नव्याने मत मागविण्याची आवश्यकता नाही. तिढा सुटला खरा, परंतु ज्या योजनेवर सभागृहात मतप्रदर्शन झाले ती योजनाच अस्तित्वात आली नाही. चार वर्षांत द्वैभाषिकही मोडले.

भाषिक राज्याचे तत्त्व या गावांना लावू पाहिले, की ते अपुरे पडते. ग्रिअर्सन यांनी भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडात भिल्ली व खानदेशी या बोली मराठीपासून निराळ्या, तिसऱ्या भागात घातल्या. त्यांच्या वर्गीकरणाविषयी मतभेद आहेत, आणि प्रस्तुत लेखकासही ते सर्वस्वी मान्य नाही. तरी मावची वा पावरी बोलणाऱ्याचे घर मराठीत की गुजरातीत, याचे उत्तर जनगणनेच्या रकान्याने मिळत नाही, एवढे निश्चित. दोन भाषांच्या वादात तिसऱ्या बोलीला पक्षकार नव्हता.

आज नंदुरबार जिल्ह्यातील विधानसभेचे चारही मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. म्हणजे प्रतिनिधी आहेत. अनुच्छेद २१० अन्वये जो सदस्य राज्याच्या राजभाषेत, हिंदीत किंवा इंग्रजीत आपले म्हणणे नीट मांडू शकत नाही, त्यास अध्यक्ष मातृभाषेत बोलण्याची अनुज्ञा देऊ शकतात. मराठी शाळेत शिकून निवडून आलेल्या सदस्यास ही अट लागू पडत नाही. त्याच्या मतदारांचे गाऱ्हाणे सभागृहाच्या दारापाशी येण्यापूर्वीच भाषांतरित झालेले असते, आणि ते भाषांतर कामकाजाच्या वृत्तांतात कोठेही नोंदले जात नाही.