मैदानाचा शेजार : दादरच्या शिवाजी पार्कची घडण

मुंबईत दादर आणि माहीम यांच्या सीमेवर, समुद्रकिनाऱ्यापासून अगदी जवळ असलेले सुमारे २८ एकरांचे मैदान आणि त्याच्या भोवतीची वसाहत या दोहोंना ‘शिवाजी पार्क’ हे एकच नाव आहे. मैदानाकाठच्या वास्तव्याचे जे सुख या वस्तीला लाभले, त्याचे मूळ शोधू गेल्यास असे दिसते की, मैदान वस्तीच्या दारात असूनही त्याच्यावर साऱ्या शहराचा हक्क राहिला, आणि या सामायिकपणातूनच तेथील जीवनाला त्याचा विशिष्ट रंग चढला.

या मैदानाची पूर्वपीठिका रोगराईत आहे. १८९६ साली मुंबईत ग्रंथिक सन्निपाताची, म्हणजे प्लेगची, साथ पसरली, तेव्हा दाटीवाटीच्या, काळोख्या आणि कोंदट चाळींत मृत्यूने थैमान घातले. त्यानंतर १८९८ साली ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ ही नगरसुधारणा संस्था स्थापन झाली. रुंद रस्ते काढणे, वस्ती विरळ करणे आणि शहराच्या उत्तरेकडील मोकळ्या जमिनीवर आखीव वसाहती उभारणे ही तिची कामे होती, आणि दादर-माटुंग्याची योजना याच विचारातून आकाराला आली. घराइतकीच मोकळी जागाही आरोग्यासाठी आवश्यक आहे, हे सूत्र त्या काळी नगररचनेत रुजले होते. नारळी-ताडांच्या वाड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या माहीमच्या परिसरात महापालिकेने १९२५ साली हे मैदान लोकांसाठी खुले केले, त्यामागेही हेच सूत्र होते.

आरंभी त्याचे नाव ‘माहीम पार्क’ असे होते. १९२७ साली, त्या वेळी रूढ असलेल्या कालगणनेनुसार, शिवजन्माला ३०० वर्षे पूर्ण होत होती, आणि ते औचित्य साधून नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहाने मैदानाला शिवाजी महाराजांचे नाव देण्यात आले. अवंतिकाबाईंनी १९१८ साली महात्मा गांधींचे मराठी चरित्र लिहिले होते आणि त्याला लोकमान्य टिळकांची प्रस्तावना होती. राष्ट्रीय चळवळीत वावरणाऱ्या एका स्त्रीच्या पुढाकाराने हे नामकरण व्हावे, ही या मैदानाच्या इतिहासातील अभिमानाने नोंदवावी अशी गोष्ट आहे.

मैदान आधी आले आणि बरीचशी घरे नंतर आली. विशेषतः १९३०-४०च्या दशकांत मैदानासभोवती दोन-तीन मजल्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि शिक्षक, वकील, डॉक्टर, कचेरीतील कर्मचारी अशा मध्यमवर्गीय कुटुंबांनी, ज्यांत मराठी घरे मोठ्या संख्येने होती, तेथे संसार थाटले. त्यांपैकी अनेकांच्या दृष्टीने ‘ब्लॉक’, म्हणजे स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि शौचकूप आत असलेले स्वतंत्र बिऱ्हाड, ही नवी सोय होती. चाळीच्या सामायिक गॅलरीत जो शेजारधर्म आपोआप जोपासला जाई, त्याला बंद दाराच्या ब्लॉकमध्ये जागा उरली नाही. ती उणीव समोरच्या मैदानाने भरून काढली.

या कामी सर्वांत उपयोगी ठरला तो मैदानाचा कट्टा. मैदानाच्या कडेने फिरणारी ही बैठी, बसण्याजोगी भिंत आतल्या खेळाडूला बाहेरच्या वाटसरूपासून वेगळे करते, पण कोणाचीही दृष्टी अडवत नाही. पहाटे तिच्या लगतच्या पदपथावरून फेऱ्या मारणारे, सकाळी वर्तमानपत्र घेऊन पर्जन्यवृक्षांच्या सावलीत टेकणारे निवृत्त गृहस्थ, संध्याकाळी क्रिकेटपासून राजकारणापर्यंत वाद घालणारी तरुण टोळकी, असे प्रत्येक वयाला कट्ट्यावर आपापले स्थान आणि आपापली वेळ मिळाली. त्यासाठी वर्गणी, सभासदत्व किंवा ओळख लागत नसे.

मैदानाच्या आत मल्लखांबाची, म्हणजे रोवलेल्या लाकडी खांबावर किंवा टांगलेल्या दोरावर करावयाच्या देशी कसरतींची, परंपरा समर्थ व्यायाम मंदिराने जोपासली. क्रिकेटला येथे शाळेचेच स्वरूप आले. एकाच वेळी अनेक सामने चालू असताना एका सामन्यातला सीमेवरचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्यातल्या फलंदाजाच्या पाठीशी उभा असतो, आणि या गर्दीतच येथील मुलांची नजर तयार होते. प्रशिक्षक रमाकांत आचरेकर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. सचिन तेंडुलकरला जो बाद करील त्या गोलंदाजाला ते मिळे, आणि कोणालाच ते साधले नाही तर ते सचिनचे होई. अशी १३ नाणी तेंडुलकरांनी पुढे जपून ठेवली. तेंडुलकर शालेय वयात मैदानाजवळच्या नातेवाइकांकडे राहत असत, ते याच सरावाच्या सोयीसाठी.

शहराचा या मैदानावरील हक्क सर्वांत ठळकपणे दिसतो तो सभांत. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत आचार्य अत्र्यांच्या वाणीने हे मैदान दणाणून गेले आणि ३० ऑक्टोबर १९६६ रोजी शिवसेनेचा पहिला मेळावा येथेच भरला. दरवर्षी ६ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या महापरिनिर्वाणदिनी जवळच्या चैत्यभूमीवर दर्शनासाठी येणारे लाखो अनुयायी मैदानावर मुक्काम करतात, आणि त्या दिवसांत तेथे पुस्तकांची दुकाने ओळीने लागतात. दूरच्या खेड्यांतून आलेली माणसे परतताना पुस्तके विकत घेऊन जातात, हे या मैदानाने पाहिलेले सर्वांत उदात्त दृश्य म्हटले पाहिजे.

या सार्वजनिकतेचा भार रहिवाशांवर पडला, हेही खरे आहे. ध्वनिक्षेपकांच्या गोंगाटाविरुद्ध रहिवाशांनी न्यायालयात धाव घेतली आणि २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने परिसराला ‘शांतता क्षेत्र’, म्हणजे ध्वनिक्षेपकांना मनाई असलेला भाग, ठरवून मोजक्या दिवसांपुरता अपवाद ठेवला. मैदानाच्या लाल मातीची धूळ कोरड्या हवेत घराघरांत शिरते, ही तक्रारही रास्त आहे. तथापि, या तक्रारींचा निवाडा मैदानाला कुंपण घालून करता येणार नाही. उद्या प्रवेशाला शुल्क लावले किंवा मैदान मोजक्या संस्थांच्या ताब्यात दिले, तर धूळ आणि आवाज कदाचित कमी होतील, परंतु अनोळखी माणसाशेजारी निःसंकोच बसण्याची जी सवय या वस्तीला तीन-चार पिढ्यांत लागली, ती मोडेल. शिवाजी पार्कच्या शेजाराचे सुख त्या सवयीवर उभे आहे, आणि म्हणून मैदान सर्वांसाठी खुले ठेवण्यात तेथील रहिवाशांचेही हित आहे.