दरडी जुलैतच का कोसळतात?

आजचा भाग पावसाळी आहे, पण भजी-चहाचा नाही.

आधी चार तारखा ऐका. 25-26 जुलै 2005, महाड तालुका: जुई, दासगाव, कोंडिवते. 30 जुलै 2014, आंबेगाव तालुक्यातलं माळीण. 22 जुलै 2021, महाडजवळचं तळिये. आणि 19 जुलै 2023, खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. चारही वेळा जुलैचा उत्तरार्ध. हा योगायोग नाही.

सह्याद्री बनलाय लाव्हाच्या थरांचा. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक थर पसरले आणि थंड होऊन त्यांचा बेसॉल्ट झाला, म्हणजे आपला काळा कातळ. हा कातळ ऊन-पावसात झिजतो, त्याचा मुरूम होतो, मुरमाची माती होते. मग तीव्र उतारावर चित्र असं दिसतं: खाली घट्ट खडक, वर माती-दगडांचं सैल पांघरूण.

हे पांघरूण घसरत का नाही? गुरुत्वाकर्षण तर त्याला सतत खाली ओढतंय. पण कणांमधलं घर्षण आणि झाडांची मुळं त्याला धरून ठेवतात. म्हणजे रस्सीखेच चालूच असते, फक्त आपल्याला दिसत नाही.

चौपाटीवरचा वाळूचा किल्ला आठवा. वाळू जराशी ओली असेल तर किल्ला उभा राहतो. बादलीभर पाणी ओता, बसलाच! डोंगराचंही तसंच. जूनचा पाऊस माती पिते. जुलैपर्यंत ती तुडुंब भरते. त्यावर दोन-तीन दिवस धो धो पाऊस झाला की पाण्याला जायला जागा उरत नाही. मातीचं वजन वाढतं आणि आतल्या पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून ढकलतो. घर्षण कमी झालं की रस्सी सुटते.

माळीणमध्ये हे सकाळी घडलं. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसेना, तेव्हा कुठे बाहेर बातमी गेली. 151 माणसं गेली. डोंगरउतारावर यंत्रानं केलेल्या सपाटीकरणाची तेव्हा बरीच चर्चा झाली. उताराचा पायथा किंवा मधला भाग कापला की वरच्या मातीचा आधारच जातो.

इर्शाळवाडी तर आपल्या शेजारची. पनवेलहून खोपोलीकडे जाताना इर्शाळगड दिसतो ना, त्याच्याच कुशीतली ठाकर समाजाची वाडी. तीन दिवसांत जवळपास 500 मिलिमीटर पाऊस पडला आणि रात्री लोक घरात असताना दरड आली. वर गाडीरस्ता नव्हता, त्यामुळे जेसीबी पोहोचलाच नाही. जवानांनी फावड्यांनी माती उपसली. मदतीला चढणारा नवी मुंबई अग्निशमन दलाचा एक अधिकारी वाटेतच गेला. 27 मृतदेह मिळाले. 57 जण बेपत्ता राहिले. चौथ्या दिवशी शोध थांबवला. पुढे सिडकोने चौकजवळ वाचलेल्यांसाठी 44 घरं बांधली.

आता खरी बोचणारी गोष्ट. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीतच नव्हती, हे सरकारनेच विधिमंडळात सांगितलं. म्हणजे यादीत नाव नाही याचा अर्थ धोका नाही, असा होत नाही. यादी कागदावर असते, पाणी मातीत मुरत असतं.

आणि आपण? नवी मुंबई खाडी आणि पारसिकच्या डोंगरामध्ये वसली. त्याच डोंगरात दगडखाणी चालल्या, उतारावर वस्त्या चढल्या. विमानतळासाठी उलव्याची टेकडी सुरुंग लावून कापली. शहर सपाट दिसतं, पण उतार आपल्या पाठीशीच आहे.

म्हणून लक्षात ठेवा: जमिनीला नवी भेग पडली, झाड किंवा विजेचा खांब कलला, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, दार उगाच अडकायला लागलं, तर पाऊस थांबायची वाट बघू नका. आधी माणसं हलवा, सामान नंतर. आणि पावसाळी ट्रेकला निघताना तिकडच्या वाडीतल्या लोकांना विचारा, 'डोंगर कसा आहे?' त्यांचं उत्तर ऐका.

हा भाग उताराखाली राहणाऱ्या एखाद्या मित्राला नक्की पाठवा. भेटूया पुढच्या भागात!