उलाळ गाडी आणि हवेचा फुगा

श्रोतेहो, बैलगाडी भरताना जुनी माणसे दोन शब्द हटकून वापरतात. माल मागे जास्त झाला आणि जू वर उचलले जाऊ लागले, की म्हणतात, ‘गाडी उलाळ झाली.’ पुढे जास्त झाला आणि बैलांच्या मानेवर भार आला, की गाडी ‘धुरजड’ झाली. मग दोन पोती पुढे सरकवायची, नाहीतर मागे ओढायची, आणि आसावर तोल साधायचा. हे दोन शब्द ध्यानात ठेवा. पिकअप मोटारीच्या मागच्या चाकांवर हवेचे फुगे बसवण्याची जी युक्ती आहे, तिचा इतिहास आज सांगायचा आहे. तो घडला बहुतेक इंग्लंड-अमेरिकेत. पण दुखणे तेच, उलाळ गाडीचे.

साध्या बैलगाडीला स्प्रिंग नसते. चाक धोंड्यावरून गेले की दणका आसातून साटीला, साटीतून थेट बसणाऱ्याच्या मणक्याला. युरोपातल्या श्रीमंतांच्या घोडागाड्यांत बैठक चामड्याच्या पट्ट्यांना टांगण्याची चाल होती. त्याने दणका कमी होई, पण गाडी पाळण्यासारखी झुले. १८०४ साली लंडनच्या ओबडाया इलियट या गृहस्थांनी पोलादी पट्ट्या एकावर एक रचून केलेल्या लंबगोल कमानींवर गाडी बसवण्याचे पेटंट घेतले. टांग्याखाली दिसतात ते पाटे याच कुळातले. पुढे मोटार आली, तिनेही पाटेच उचलले.

पाटे हा मोठा गुणी प्रकार. स्वस्त, दणकट, एखादे पान तुटले तर गावचा लोहारही वेळ मारून नेतो. पण त्यांत एक खोट आहे, आणि ती माणसे वाहणाऱ्या गाडीपेक्षा माल वाहणाऱ्या गाडीला जास्त छळते. पाट्यांचा ताठरपणा कारखान्यात एकदा ठरतो, तो ठरला. भरल्या ओझ्यासाठी जाड पाटे घातले तर रिकामी गाडी खड्ड्याखड्ड्याला मागून उडते. रिकाम्या गाडीसाठी पातळ घातले तर माल भरताच मागची बाजू खाली बसते, तोंड आभाळाकडे. स्टिअरिंग हलके लागू लागते, रात्री दिव्यांचा झोत रस्ता सोडून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. झालीच की गाडी उलाळ! आता ओझे तर रोज बदलते. सकाळी दोन टन, दुपारी मोकळी. मग पाटे घालायचे कुणासाठी?

या प्रश्नाला उत्तर सापडले हवेत. हवेवर गाडी तोलण्याची कल्पना प्रथम चाकाच्या रूपाने आली. रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाने १८४५ साली हवा भरलेल्या चाकाचे पेटंट घेतले. लोकांना ते काही पटले नाही आणि ते मागे पडले. १८८८ साली बेलफास्टमध्ये जनावरांचे डॉक्टर असलेल्या जॉन बॉइड डनलॉप यांनी आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीच्या निमित्ताने तेच पुन्हा शोधून काढले. थॉमसनचे जुने पेटंट उजेडात आले तेव्हा डनलॉपचे पेटंट टिकले नाही. नाव मात्र टिकले. आपल्याकडे उसाच्या फडातून कारखान्याकडे जाणारी टायरगाडी ही त्याच शोधाची नात म्हणायची. तिच्या बैलांना या इतिहासाची खबर नाही, फायदा मात्र आहे.

चाकात हवा चालते, तर पाट्यांच्या जागी का नको? असा विचार करून अमेरिकेतल्या विल्यम हम्फ्रीज यांनी १९०१ साली ‘गाडीसाठी हवेची स्प्रिंग’ पेटंट केली. गाडीच्या दोन्ही अंगांना, जवळजवळ तिच्या लांबीइतक्या दोन रबरी उशा, एक टोक बंद, दुसऱ्या टोकाला हवा भरायचा व्हॉल्व्ह. फ्रान्समध्ये जॉर्ज मेसिए यांनी १९२०च्या सुमारास असाच उद्योग मांडला आणि पुढे हवेवर तोललेल्या मोटारीही काढल्या.

यामागचे गणित शाळेतल्या मुलालाही करता येईल. फुग्याचे माथे शंभर चौरस सेंटिमीटर धरा आणि आत दर चौरस सेंटिमीटरला दोन किलो दाब भरा. तो फुगा दोनशे किलो तोलतो. दाब पाच किलो केला की तोच फुगा पाचशे तोलतो, आणि उंची बदलत नाही. ओझे वाढले, हवा वाढवा. ओझे उतरले, हवा सोडा. पाट्यांना हे कधी जमणार नाही. गुरुजींनी वर्गात सायकलचा पंप आणि ट्यूब घेऊन दाखवावे असे हे आहे.

मग हवेची स्प्रिंग सगळीकडे का पसरली नाही? त्याची हकीकत मजेची आहे. १९५७ साली अमेरिकेत कॅडिलॅक एल्डोराडो ब्रोअम ही मोटार निघाली. किंमत तेरा हजार डॉलरांच्या वर, आणि चारही चाकांवर हवेच्या स्प्रिंगा. पण हवा गळू लागली. अनेक मालकांनी फुगे काढून साध्या पोलादी स्प्रिंगा बसवून घेतल्या. १९५८ साली शेव्हरोलेटसारख्या स्वस्त मोटारींतही ही सोय देऊन पाहिली, ती थोड्याच वर्षांत गुंडाळली. माझ्या मते चूक हवेची नव्हती, जागेची होती. चार माणसांच्या मोटारीत ओझे बदलते ते केवढे?

बसचे तसे नाही. चाळीस माणसे चढतात, चाळीस उतरतात. शिवाय हवेचे ब्रेक असलेल्या बसमध्ये कॉम्प्रेसर आधीच असतो. १९५३ साली जनरल मोटर्सने बसखाली हवेचे फुगे घातले. १९५४ पासून ग्रेहाउंड कंपनीच्या लांब पल्ल्याच्या सीनिक्रूझर गाड्या त्यांवरच धावल्या. मोटारीत नापास झालेली विद्या बसमध्ये पहिल्या वर्गात उतरली. मुंबई-पुणे मार्गावर एस. टी.च्या वातानुकूलित शिवनेरीत बसला असाल तर हा फुगा तुमच्या बुडाखाली होता. आपले मेकॅनिक त्याला ‘बलून’ म्हणतात.

आता पिकअपकडे वळू. फोर्डने १९२५ साली आपल्या टी मॉडेलवर मागे पत्र्याचा हौदा लावून कारखान्यातूनच पिकअप विकायला काढली, किंमत २८१ डॉलर. शेतकऱ्याने ती उचलली. पुढे साठच्या दशकात तिच्या हौद्यात राहण्याची खोलीच ठेवून प्रवासाला निघण्याची हौस अमेरिकेत वाढली. ती खोली मागच्या चाकांच्याही पाठीमागे लोंबे. बैलगाडीवाला पाहता तर एका नजरेत म्हणाला असता, ‘उलाळ!’ तिकडे यावर तोड निघाली ती जोडफुग्याची. १९४९ साली मिशिगन राज्यातल्या लान्सिंग शहरी एअर लिफ्ट नावाची कंपनी निघाली होती. गुंडाळीच्या स्प्रिंगच्या पोटात बसणारा रबरी फुगा हा तिचा माल. ज्यांच्या मागे पाटे आहेत अशा पिकअपना एक्सल आणि चॅसी यांच्यामध्ये फुगा बसवण्याची रीत पडली. पाटे जागेवरच राहतात. फुगा हा त्यांचा सोबती.

बसवण्याचे काम वाटते तितके अवघड नाही. पुष्कळदा चॅसीखाली दणका झेलणारा रबरी गुटका असतो, तो काढून तिथे वरची पट्टी येते, खालची पट्टी एक्सलवर आवळतात, मध्ये फुगा. त्याची नळी मागच्या बंपरपाशी आणून तिथे टायरसारखाच व्हॉल्व्ह लावला की पंक्चरवाल्याकडेही हवा भरता येते. नळी सायलेन्सरच्या पाइपापासून लांब हवी, ब्रेकच्या नळीला घासायला नको. सांध्यांवर साबणाचे पाणी लावून गळती पाहायची. गाडी रिकामी असली तरी थोडी हवा ठेवायचीच, नाहीतर रबर चिमटून फाटते. आणि डाव्या-उजव्या फुग्यांच्या नळ्या वेगळ्या ठेवाव्या. दोन्ही एकीला जोडल्या तर वळणावर दाबल्या बाजूची हवा पळून दुसरीकडे जाते आणि गाडी आणखीच कलते.

पण खरी गोची पुढे आहे, श्रोतेहो. हवा भरली, मागची बाजू वर आली, गाडी सरळ दिसू लागली. म्हणजे उलाळपण गेले का? हिशेब करा. पुढच्या-मागच्या चाकांत तीन मीटर अंतर आहे आणि मागच्या चाकांच्या एक मीटर मागे तीनशे किलो माल आहे. तर मागच्या चाकांवर चारशे किलो वाढतात आणि पुढच्यांवरून शंभर किलो उचलले जातात. फुगा असो वा नसो, हे आकडे बदलत नाहीत. टायर तेच, ब्रेक तेच, एक्सल तोच. फुगा गाडीची पाठ उचलतो, ओझे नव्हे. पूर्वी निदान बसलेल्या पाट्यांकडे पाहून मालकाला भीती वाटे; आता ती खूणही पुसली जाते. म्हणूनच अमेरिकेतले फुगे विकणारेही बजावतात, की कारखान्याने ठरवलेली वजनाची मर्यादा याने वाढत नाही. २०१३ सालच्या मॉडेलपासून रॅम १५०० या पिकअपला कारखान्यातूनच चारही चाकांवर हवेच्या स्प्रिंगा मिळू लागल्या. वजनाची मर्यादा तिलाही आहेच.

नारायणगावच्या बाजाराला टोमॅटो निघाला, की वीस किलोचे शंभर क्रेट म्हणजे दोन टन झाले. ज्याला फुगे बसवायचे असतील त्याने आधी रिकाम्या गाडीच्या मागच्या चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोरीने मोजून गाठ मारून ठेवावी. माल भरण्यापूर्वी आरसी पुस्तकातले वजन पाहावे, जड क्रेट केबिनकडे लावावे. मग हवा भरावी, ती पाठ पूर्वीच्या जागी येईपर्यंतच, गाठीच्या वर नाही. आणि बाजारात माल उतरला की निघण्यापूर्वी ती आठवणीने सोडावी.