तीन फुटांचे अंतर

सोलापूर जिल्ह्याच्या माढा तालुक्यातील कुर्डुवाडी हे गाव एखाद्या नदीच्या, किल्ल्याच्या किंवा देवस्थानाच्या आश्रयाने वाढलेले नाही. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने पुण्याहून सोलापूरकडे नेलेला लोहमार्ग 1859 साली या माळरानापर्यंत येऊन पोहोचला, पुढच्या वर्षी तो सोलापुरास जाऊन भिडला, आणि मधल्या या ठिकाणी कंपनीने जे स्थानक बांधले त्याच्या भोवती आजचे शहर हळूहळू आकारास आले. स्थानकावरील पहिली पाटी मात्र ‘बार्शी रोड’ अशी होती, कारण कंपनीच्या दृष्टीने या जागेचे महत्त्व एवढेच की, येथे उतरून वीस-बावीस मैलांवरील बार्शीच्या पेठेस जाता येते.

ती पेठ तशी सामान्य नव्हती. बालाघाटाच्या डोंगरांवरून उतरणारा कापूस, गळिताची धान्ये आणि ज्वारी बार्शीच्या अडत्यांकडे येई. तालुका इंग्रजी अमलातला, पण त्याच्या सरहद्दीला निजामाचा मुलूख लागलेला, त्यामुळे दोन राज्यांतील व्यापाराचे ते स्वाभाविक नाके बनले होते. तेथील माल मुंबईस पाठवायचा तर बैलगाड्यांच्या रांगा कुर्डुवाडीपर्यंत हाकाव्या लागत, आणि पावसाळ्यात काळ्या जमिनीत चाके रुतली की मुख्य लोहमार्गावरील आगगाडीचा वेग बार्शीकर व्यापाऱ्यांच्या काहीच उपयोगी पडत नसे.

हे दुखणे ओळखून त्यावर उपाय योजणारा गृहस्थ म्हणजे एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता. तो 1882 साली जी. आय. पी. कंपनीच्या चाकरीत हिंदुस्थानात आला होता. शाखामार्गास पुरेसे भांडवल मिळत नाही, याचे कारण प्रदेशाचे दारिद्र्य नसून बांधणीची उधळपट्टी आहे, असे त्याचे ठाम मत होते, आणि माझ्या मते त्याच्या साऱ्या कर्तृत्वाचे मूळ या एका विचारात आहे. रुळांमधील अंतर अडीच फूट ठेवावे, प्रत्येक आसावर पाच टनांहून अधिक भार येऊ देऊ नये, आणि हा नियम इंजिनापासून मालाच्या डब्यापर्यंत सर्वांस सारखाच लावावा, म्हणजे हलक्या रुळांवरूनही भरपूर माल नेता येतो, हा त्याचा सिद्धांत होता. 1895 साली लंडनमध्ये बार्शी लाईट रेल्वे कंपनी स्थापन झाली. लीड्स शहराजवळ मुद्दाम मार्ग टाकून नव्या इंजिनांची व डब्यांची परीक्षा घेण्यात आली. आणि 1897 साली, दुष्काळाने हा सारा प्रदेश होरपळलेला असताना, कुर्डुवाडी ते बार्शी ही गाडी सुरू झाली. लोकांनी कंपनीच्या लांबलचक नावातून ‘बार्शी लाईट’ एवढेच उचलले, आणि पुढे शंभर वर्षे तेच रूढ राहिले.

मुख्य लोहमार्गाच्या रुळांमधील अंतर साडेपाच फूट आणि बार्शी लाईटचे अडीच. या तीन फुटांच्या तफावतीने कुर्डुवाडीचे नशीब ठरविले. एका मार्गावरचा डबा दुसऱ्यावर जाऊ शकत नसल्यामुळे प्रत्येक गाठ, प्रत्येक पोते आणि प्रत्येक उतारू येथे खाली उतरणे अपरिहार्य झाले. मालधक्क्यावर एका अंगास छोटे डबे, दुसऱ्या अंगास मोठे, आणि मधल्या जागेत पाठीवर पोती वाहणारे हमाल; त्यांच्या मागे मालाची नोंद ठेवणारे कारकून, पावत्या तपासणारे व्यापाऱ्यांचे गुमास्ते, सांधेवाले, खलाशी, फायरमन, आणि या सर्वांच्या पोटापाण्याची तजवीज करणारे खाणावळवाले व दुकानदार, असा संसार तेथे उभा राहिला. अर्थशास्त्रज्ञ अशा मालबदलास अपव्यय म्हणतील, आणि राष्ट्राच्या हिशेबात तो अपव्ययच होय; पण कुर्डुवाडीच्या हिशेबात तीच मिळकत होती, आणि त्या मिळकतीत श्रमाचा वाटा किती मोठा होता, हे मालधक्क्यावरच्या हमालाच्या पाठीवरून कोणासही वाचता आले असते.

1906 साली दुसरी शाखा पंढरपुरास गेली, आणि या स्थानकाला पेठेच्या जोडीने वारीचेही नाते जडले. आषाढी-कार्तिकीस वऱ्हाड-खानदेशचे यात्रेकरू मनमाड-दौंड मार्गाने, कर्नाटकाचे सोलापूरकडून, तर कोकण-मुंबईचे पुण्याकडून येत आणि कुर्डुवाडीस छोट्या गाडीत बसत. आळंदी-देहूहून पायी गेलेल्यांपैकीही कित्येकजण परतताना याच गाडीचा आश्रय घेत. त्या काळी यात्रेच्या गर्दीसाठी रेल्वे कंपन्या मालाचे डबेसुद्धा वापरीत, आणि ज्या वर्षी पटकीची साथ उद्भवे त्या वर्षी अशा दाटीतून रोग गावोगाव पसरे. मुसाफिरखान्यात, फलाटावर, स्थानकाबाहेरच्या झाडांखाली मृदंग-वीणा उराशी धरून पुढल्या गाडीची वाट पाहणाऱ्या या माणसांच्या भाड्यातून कंपनीस दरसाल खात्रीचे उत्पन्न मिळत असता, त्यांच्या पाण्याची आणि निवाऱ्याची व्यवस्था तिने अधिक उदार हाताने करावयास हवी होती, असे म्हटल्यावाचून मला राहवत नाही.

बार्शीच्या पुढे मार्ग निजामाच्या हद्दीत शिरून 1911 साली लातुरास पोहोचला, तेव्हा करोडगिरीच्या जकातीचा जाच सोसूनही लातूरची बाजारपेठ भरभराटीस आली. आणि 1927 साली पंढरपूरची शाखा मिरजेस जाऊन मिळाल्यावर दोनशे मैलांच्या या मार्गाची सारी सूत्रे मधल्या कुर्डुवाडीकडे आली. इंजिने आणि डबे दुरुस्त करण्याचा कारखानाही येथेच होता. 1 जानेवारी 1954 रोजी भारत सरकारने ही कंपनी विकत घेतली. लंडनच्या भागधारकांचा संबंध संपला, पण रुळांमधले अंतर, गाड्यांचा बेताचा वेग आणि मालधक्क्यावरची चढउतार यांत पुढे कित्येक वर्षे फारसा पालट झाला नाही.

पालट झाला तो या शतकाच्या आरंभी. प्रथम पंढरपूरची वाट रुंद झाली. 2008 पर्यंत बार्शी-लातूरचा मार्गही, धाराशिव शहरास नव्याने जोडून घेत, मोठ्या रुळांचा झाला. आणि त्यानंतर थोड्याच काळात पंढरपूर-मिरज हा उरलेला भागही रुंद होऊन अडीच फुटांचे युग समाप्त झाले. मुंबईहून लातुरास निघालेल्या उतारूस आता येथे उतरण्याचे कारण उरले नाही. स्थानक जंक्शन राहिले, सोलापूरकडच्या अनेक जलद गाड्या येथे थांबतात, कारखानाही बंद पडला नाही आणि नेरळ-माथेरानच्या छोट्या गाडीचे डबे दुरुस्तीस तेथे येतात. परंतु मालबदलावर जगणारा मोठा वर्ग मात्र पांगला, आणि त्याची दखल घेणारा एखादा फलक तरी स्थानकावर असावा, ही अपेक्षा अवाजवी नाही.

मार्ग एक झाल्याचे खरे मोल 2016 च्या उन्हाळ्यात दिसले. लातूर शहर पाण्यावाचून तडफडत असताना राजस्थानातील कोटा येथे स्वच्छ केलेले टँकर-डबे मिरजेस आणण्यात आले, आणि एप्रिलमध्ये पाण्याची पहिली गाडी पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी अशी सुमारे 342 किलोमीटरची वाट कापून लातुरास गेली. प्रत्येक डब्यात सुमारे पन्नास हजार लिटर पाणी असलेली दहा डब्यांची ती गाडी होती, आणि पुढे डब्यांची संख्या पन्नासवर गेली. जुन्या बार्शी लाईटची मिरजेपासून लातुरापर्यंतची जवळजवळ सारी वाट तिने चालून काढली; 1927 साली जोडलेल्या त्या दोन टोकांमध्ये मोठ्या मार्गावरचे हे डबे पूर्वी कधीच धावू शकले नसते, आणि आता कुर्डुवाडीस ते पाणी एका डब्यातून दुसऱ्या डब्यात ओतावे लागले नाही.