आडुगोडीचा पंप

मागच्या महिन्यात आमच्या उस्तादांचा फोन आला. मी लेफ्टनंट असताना ते आमच्या युनिटमध्ये हवालदार ड्रायव्हर होते; आता माण तालुक्यात डाळिंबाची बाग बघतात. म्हणाले, "साहेब, पिकअप घ्यायची आहे. एक 2012 ची आहे, साध्या पंपाची. दुसरी नवी, बीएस-6, कर्जावर. तुम्ही बेंगळुरूत आहात, तिथं सगळी इंजिनवाली माणसं. विचारून सांगा." पेन्शनीतून साठवलेले पैसे होते. वरवरचं उत्तर देऊन चालणार नव्हतं.

उस्तादांचं मत मला माहीत होतं. आमच्याकडे तेव्हा शक्तिमान होत्या. जर्मनीच्या मान कंपनीच्या सहकार्याने 1959 पासून जबलपूरला बनलेल्या या गाड्यांनी चाळीस वर्षं फौज ओढली. एका पहाटे चढावर गाडीने एअर घेतली. उस्तादांनी एक पाना घेतला, पाइपचा नट सैल केला, हाताने पंप मारत राहिले. बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल आलं तसा नट आवळला. दहा मिनिटांत कॉन्व्हॉय हलला. खडकवासल्याला मी इंजिन फळ्यावर शिकलो होतो. ते खरं कळलं त्या दिवशी.

म्हणूनच जुनं इंजिन "साधं" असं आपण सहज म्हणतो. पण त्या रविवारी मी आडुगोडीला चक्कर मारली आणि माझंच मत डळमळलं.

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन 1897 मध्ये जर्मनीत नीट चाललं, पण इंधन आत ढकलायला त्याला दाबलेली हवा लागे, म्हणजे सोबत एक मोठा कंप्रेसर. असलं धूड ट्रकवर कोण चढवणार? ती अडचण सुटली 1927 मध्ये. स्टुटगार्टच्या रॉबर्ट बॉशच्या कारखान्यात इंधन-पंपाचं मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झालं आणि डिझेल रस्त्यावर आलं. भारतात 1951 मध्ये मोटर इंडस्ट्रीज कंपनी, म्हणजे आपली मायको, स्थापन झाली. तिचा कारखाना इथे आडुगोडीला उभा राहिला. नाशिककरांना मायको सर्कल सांगायला नको. नॉझल आणि इंजेक्टर सातपूरला बनू लागले. 2008 मध्ये कंपनीचं नाव बॉश झालं, तरी बेंगळुरूत मायको लेआउट अजून मायको लेआउटच आहे.

या पंपातलं एलिमेंट, म्हणजे प्लंजर आणि त्याचं बॅरल, यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉनचा. ही जोडी एकमेकांवर घासूनच जुळवतात, एकाचा प्लंजर दुसऱ्याच्या बॅरलला चालत नाही. याला साधं कसं म्हणायचं? उस्तादांनी हवा काढली, पण पंप त्यांनीही कधी उघडला नाही; तो काढून कॅलिब्रेशनला जायचा. तालुक्याच्या गावी "पंपवाला" भेटू लागला तो टेस्ट बेंच आणि शिकलेले हात तिथवर पोहोचल्यामुळे, आणि त्याला काही दशकं लागली. 1986 ची टाटा 407 घ्या की 1988 ची टाटामोबाइल पिकअप. या गाड्या गावोगाव टिकल्या त्यात पुण्याच्या कारखान्याइतकाच या पंपवाल्यांचा वाटा आहे, असं मला वाटतं.

नव्या इंजिनात दाब दोनशे बारवर नॉझल उघडण्यापुरता राहिला नाही. कॉमन रेलमध्ये तो दीड-दोन हजार बारपर्यंत जातो आणि इंजेक्टर कधी उघडायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. चालू इंजिनचा नट सैल करायला गेलात तर डिझेलची धार कातडीतून आत शिरेल. शिवाय धूर अडवणारा फिल्टर. तो स्वतःला जाळून साफ करतो, पण त्यासाठी एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीचा तो तुंबतो.

पण जुन्या पंपाची एक खोड मी लडाखमध्ये पाहिली आहे. हवा विरळ झाली तरी बहुतेक साधे पंप डिझेल तेवढंच ढकलतात. घाटमाथ्यावर काळा धूर आणि ताकद निम्मी. नवं इंजिन हवा मोजून डिझेल कमी करतं. आणि तो काळा धूर मागच्या गाडीतल्या जवानांच्या छातीत जायचा, हे आम्ही तेव्हा हिशोबात धरत नव्हतो.

सरकारनेही निवड सोपी ठेवली नाही. 29 मार्च 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि तीन दिवसांत बीएस-3 गाड्यांची विक्री बंद झाली. कंपन्यांकडे सव्वाआठ लाखांच्या आसपास गाड्या, बहुतेक दुचाकी, पडून होत्या. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6. डिझेलमधलं गंधक 350 वरून 50 आणि मग 10 पीपीएमवर आलं. त्या शुद्ध डिझेलशिवाय नवा फिल्टर टिकलाच नसता.

मी उस्तादांना एवढंच विचारलं, "गाडी रोज कुठे जाणार?"

"रात्री पुण्याला, मार्केट यार्डात. सकाळी परत."

म्हणजे दीडेकशे किलोमीटर एका दमात, इंजिन गरम. शिवाय 2012 च्या गाडीला आता दरवर्षी फिटनेस. मी म्हटलं, "नवी घ्या. पण आधी बघा, स्कॅनरवाला मेकॅनिक किती लांब आहे. साताऱ्याच्या अलीकडे कोणी नसेल तर पुन्हा बोलू."

दोन दिवसांनी फोन आला. फलटणला एक पोरगा आहे, लॅपटॉप लावतो. उस्ताद स्वतः जाऊन बसून बघून आले होते.

"पोरगं बरं आहे साहेब. पण मला म्हणतं, काका, तुम्ही बॉनेटला हात लावू नका."

"मग?"

"मी म्हटलं, फिल्टरमधलं पाणी तर रोज मीच काढणार."

मी त्यांना सांगितलं की ते मात्र सोडू नका. पाणी गेलं की इंजेक्टर गेले, आणि चार इंजेक्टरांची किंमत ऐकून ते बराच वेळ गप्प होते.