मोरबाथची हिशेबवही

इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात, एक्समूरच्या माळरानाच्या दक्षिणेस मोरबाथ हे खेडे आहे. सोळाव्या शतकात तेथे उणीपुरी ३३ कुटुंबे. मेंढ्या हीच त्यांची दौलत. १५२० साली क्रिस्टफर ट्रिकी तेथील धर्मगुरू झाले ते १५७४ साली मरेपर्यंत. त्यांनी राखलेली चर्चची हिशेबवही सुदैवाने टिकली. इतिहासकार इमन डफी यांच्या २००१ सालच्या ग्रंथातून आम्हांस तिची ओळख झाली.

या धर्मग्रामात संतांच्या नावे मेंढ्या पाळल्या जात. लोकर विकून मूर्तींपुढील मेणबत्त्यांचा खर्च भागे. मृतांच्या मिस्सेसाठी काळी वस्त्रे हवीत म्हणून ट्रिकींनी वीसहून अधिक वर्षे पै-पै साठवली. १५४७ साली ती वस्त्रे आली आणि दोनच वर्षांत ती मिस्साच कायद्याने बंद झाली!

१५४९ साली नव्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकाविरुद्ध डेव्हन व कॉर्नवॉल उठले. मोरबाथने एक्झिटरबाहेरील छावणीत पाच जण धाडले. त्यांचा खर्च ट्रिकींनी बिनदिक्कत चर्चच्या हिशेबात मांडला. बंड चिरडले गेले. १५५३ साली मेरी राणी गादीवर येताच घराघरांत दडवलेल्या पवित्र वस्तू पुन्हा चर्चमध्ये आल्या.

पुढे एलिझाबेथ राणीच्या अमलात पुन्हा सारे पालटले. ट्रिकी मात्र गाव सोडून गेले नाहीत. नव्या पुस्तकातून उपासना करीत राहिले. कोणी त्यांस भ्याड म्हणेल. आम्हांस म्हणवत नाही. त्या ३३ घरांतील बहुतेकांचा बाप्तिस्मा त्यांच्याच हातून झाला होता.